ब्रेक्झिट : शुल्क शून्य झालं, मग ट्रक का थांबतो?

गलबत

काल या चर्चामंचावरच्या एका लेखात तीन विधानं वाचली. एक, ब्रिटन आणि युरोपीय संघातल्या करारात आयातशुल्क शून्य आहे, म्हणजे व्यापार पूर्वीइतकाच मोकळा आहे. दोन, जो त्रास होतो तो ब्रसेल्सनं, म्हणजे युरोपीय संघानं, सूड म्हणून लादलेल्या कागदपत्रांचा. तीन, आयर्लंडच्या सीमेचा प्रश्न कॅमेरे आणि सॉफ्टवेअरनं सहज सुटला असता. तिन्ही चूक आहेत. खाली एकानंही हरकत घेतलेली दिसली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

शून्य शुल्क 'तिकडून आलेल्या' मालाला नाही, 'तिकडे बनलेल्या' मालाला आहे. २४ डिसेंबर २०२० ला ठरलेल्या करारातली निम्मी डोकेदुखी या एका अटीत आहे. बांगलादेशात शिवलेला टी-शर्ट घ्या. तो ब्रिटनच्या गोदामात उतरला, ब्रिटनचं शुल्क-सोपस्कार झाले, घडी घालून नवं लेबल लागलं आणि तो डब्लिनच्या दुकानात निघाला. घडी आणि लेबलानं तो ब्रिटिश होत नाही. विणकाम आणि शिवण दोन्ही करारातल्या देशांत झाली तरच होतो. त्यामुळे डब्लिनला १२ टक्के शुल्क लागतं. याहून विचित्र म्हणजे जर्मनीत बनलेली गोळ्या-चॉकलेटं ब्रिटनच्या मध्यवर्ती गोदामात आली आणि तशीच आयर्लंडला गेली, तर युरोपचाच माल युरोपात परतताना त्याची सवलत जाते. बरीच वर्षं आयर्लंडची दुकानं ब्रिटनमधल्या गोदामांतूनच भरली जात होती. ती साखळी इथे तुटली.

मोटारींचं गणित वेगळं. पेट्रोल-डिझेल गाडीत बाहेरच्या देशांचे भाग किमतीच्या ४५ टक्क्यांपर्यंत चालतात, त्यापुढे १० टक्के शुल्क. विजेच्या गाड्यांसाठी सैल अट २०२३ अखेर संपणार होती. बॅटरी चीनहून येते हे दोन्ही बाजूंना कळल्यावर ती २०२६ अखेरपर्यंत वाढवली.

आता 'सूड'. मांस, दूध, अंडी, मासे यांच्या प्रत्येक खेपेला सरकारमान्य पशुवैद्याची सही असलेलं आरोग्य प्रमाणपत्र, आगाऊ ऑनलाइन सूचना आणि नेमलेल्या तपासणी नाक्यावरूनच प्रवेश, हा नियम ब्राझीललाही आहे आणि थायलंडलाही. तो लिहिताना ब्रिटन स्वतः टेबलाशी होता. त्रास सर्वांत जास्त मिश्र खेपेत होतो. एका ट्रकमध्ये दहा उत्पादकांचे चीज, मीट-पाय (मांस भरलेली पेस्ट्री), सॉसेज असतील तर प्रत्येकाचे कागद वेगळे. न लागू होणारं कलम खोडलं पण खोडलेल्या जागी पशुवैद्याची छोटी सही आणि शिक्का राहून गेला, किंवा प्रमाणपत्र प्रवेशाच्या देशाच्या भाषेत नाही, की अख्खा ट्रक उभा. बाकी नऊ जणांचे कागद बिनचूक असून उपयोग नाही.

आणि आयर्लंड. सुमारे ५०० किलोमीटरची सीमा, रस्ता ओलांडायच्या २०० हून जास्त जागा. उत्तरेतलं जवळपास एक तृतीयांश दूध प्रक्रियेसाठी दक्षिणेत जातं. १९९८ च्या शांतता करारानंतर तिथले लष्करी नाके उठले, आता सीमेवर पुन्हा नाके बसवायचे नाहीत, हे लंडननं डिसेंबर २०१७ मध्ये लेखी दिलं. जमिनीवर सीमा नको, उत्तर आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये समुद्रात सीमा नको, आणि युरोपचे नियमही नकोत. या तीनपैकी एक सोडावंच लागतं. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी तिसरं अर्धवट सोडून बघितलं, जानेवारी २०१९ मध्ये संसदेत २३० मतांनी आपटी खाल्ली. त्यांच्यानंतरच्या बोरिस जॉन्सन यांनी दुसरं सोडलं.

टेम्सपार

लांबलचक लिहिलंत, पण सोयीचं तेवढंच. ३१ डिसेंबर २०२० ला रात्री ११ वाजता ज्या कारखान्यातलं सॉसेज सुरक्षित होतं, ते ११ वाजून १ मिनिटानं धोकादायक कसं झालं? यंत्र तेच, मांस तेच, तपासनीस तोच. युरोपीय संघ बाहेरच्या देशांकडून न गोठवलेला खिमा आणि तशी मांस-उत्पादनं घेत नाही, म्हणून ब्रिटनमधलं सॉसेज उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला जाऊ नये? म्हणजे स्वतःच्याच देशात? २०२१ चं ते भांडण फक्त तांत्रिक होतं असं म्हणणं अन्यायाचं आहे.

न्यूझीलंडशी युरोपचा पशुवैद्यकीय करार आहे. तिथल्या मांसाच्या प्रत्यक्ष तपासण्या १ टक्क्यापर्यंत खाली आणल्या आहेत. पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाच्या देशावर एवढा विश्वास, आणि चार दशकं ज्याचे नियम एक होते त्याच्यावर नाही. ब्रिटननं हीच 'समतुल्यता' (नियम वेगळे, पण दर्जा सारखा मानायचा) मागितली होती. उत्तर काय मिळालं? आमचे नियम आज घ्या, उद्या बदलले तर तेही घ्या. हा राजकीय निर्णय होता.

शिवाय ब्रिटननं युरोपातून येणाऱ्या मालाच्या आरोग्य तपासण्या पुन्हा पुन्हा पुढे ढकलत २०२४ पर्यंत आणल्या. तीन वर्षं सीमा जवळपास उघडी होती आणि मोठं संकट काही ओढवलं नाही. तपासणी हीच सुरक्षा असती तर हे झालं नसतं.

गलबत

न्यूझीलंडचं अर्धं सांगितलंत. प्रत्यक्ष तपासण्या कमी झाल्या, प्रमाणपत्र आणि आगाऊ सूचना गेलेली नाही. प्रत्येक खेपेचा कागद आजही लागतो. तो करार मुरायला अनेक वर्षं गेली, आणि न्यूझीलंडचा माल जहाजानं आठवडे घेत येतो. इंग्लंडमधलं डोव्हर ते फ्रान्समधलं कॅले या मार्गावर ताजा माल घेऊन रोज हजारो ट्रक जातात. तिथे एका कागदाचा अर्धा तासही महाग पडतो.

तपासण्या नव्हत्या तेव्हा काही झालं नाही, हा युक्तिवाद मात्र धोकादायक आहे. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकूत पसरला तेव्हा साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. जानेवारी २०२५ मध्ये तोच रोग जर्मनीत ब्रांडेनबुर्गला सापडला आणि ब्रिटननं लगेच तिथलं मांस-दूध थांबवलं. एप्रिलमध्ये तर युरोपातून प्रवाशांनी पिशवीत मांस किंवा चीज आणण्यावरही बंदी घातली. कोणता माल कुठल्या जिल्ह्यातून निघाला हे सांगणारा कागद असला तरच असली बंदी नेमकी लावता येते.

पॅलेट

दोघांनीही लाकडाचा विषय काढला नाही. दर वेळी हेच होतं. मालाचे कागद सगळे तपासतात, माल ज्यावर ठेवलाय ते कुणी बघत नाही. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटन आणि युरोप यांच्यात जाणारं प्रत्येक लाकडी पॅलेट, खोका, मधे ठोकलेली फळी आयएसपीएम १५ या लाकडी वेष्टनाच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे लागते. लाकडाच्या गाभ्याचं तापमान ५६ अंश, सलग ३० मिनिटं, आणि त्यानंतर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, देशाचा कोड, उत्पादकाचा क्रमांक, 'एचटी' (म्हणजे उष्णता दिलेली). त्याआधी आतल्या आत फिरणाऱ्या कोट्यवधी पॅलेटांना हे लागतच नव्हतं. गोची होते दुरुस्त केलेल्या पॅलेटात. एक फळी बदलली आणि ती साधी असली की चिन्ह असूनही पॅलेट बाद. प्लायवूड आणि प्लास्टिकला सूट आहे, ६ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकडालाही. यंत्राचे भाग पाठवणाऱ्यानं कोट्यवधींच्या मालाखाली चार फळ्यांसाठी अडकून बसू नये.

टेम्सपार

हे उपयोगी आहे, पण विषय आयर्लंडचा चाललाय. गलबत, तंत्रज्ञानाचा मुद्दा तुम्ही एका वाक्यात उडवलात. कॅलेला फ्रान्सनं जी व्यवस्था उभारली ती काय आहे? ट्रक बोटीवर चढतानाच घोषणेचा क्रमांक आणि गाडीचा नंबर जोडला जातो, समुद्र ओलांडेपर्यंत संगणक ठरवतो, हिरवा दिवा असेल तर चालकानं सरळ बाहेर पडायचं, नारिंगी असेल तर बाजूला जायचं. हेच आयर्लंडला का चालणार नव्हतं?

बॅनशोर

कारण कॅलेला बोट आहे. ट्रक दीड तास एका पत्र्याच्या पेटीत बंद असतो, त्या दीड तासात संगणक निर्णय घेतो, आणि उतरायची वाट एकच असते. उत्तर आयर्लंडच्या सीमेवरच्या फर्मना परगण्यातल्या गल्लीबोळांतून सीमा ओलांडणाऱ्या दुधाच्या टँकरला ना बोट ना एकच वाट. घोषणा केलेला ट्रक शोधायला सॉफ्टवेअर पुरतं. घोषणा न केलेला शोधायला रस्त्यावर काहीतरी उभं करावंच लागतं, आणि कॅमेराही खांबावरच बसतो. तो खांब तिथे कशाचं लक्ष्य होईल हे तीस वर्षांच्या हिंसाचाराचा इतिहास वाचलेल्या कुणालाही कळेल. नॉर्वे-स्वीडनचं उदाहरण लोक देतात. नॉर्वे तर एकसंध बाजारपेठेतही आहे, फक्त सीमाशुल्क संघाबाहेर आहे, आणि तरीही त्या दोन देशांच्या सीमेवर स्विनेसुंडला ट्रक थांबतात.

ब्रिटन आणि युरोपीय संघानं उत्तर आयर्लंडसाठी ठरवलेल्या विंडसर चौकटीबद्दल कुणी का लिहीत नाही? फेब्रुवारी २०२३ ला ठरली, ऑक्टोबरपासून लागू झाली. उत्तर आयर्लंडमध्येच राहणारा माल हिरव्या लेननं जातो. नोंदणीकृत व्यापारी, ट्रकमागे एक साधं प्रमाणपत्र, आणि पाकिटावर 'ईयूसाठी नाही' हे लेबल. आधी मांस आणि ताजं दूध, ऑक्टोबर २०२४ ला बाकीचे दुग्धपदार्थ, जुलै २०२५ ला आणखी वस्तू. पुढे दक्षिणेत जाणारा माल लाल लेननं, पूर्ण सोपस्कारांसह. सॉसेजचं भांडण तिथे मिटलं, टेम्सपार. तुम्ही २०२१ मध्येच थांबलाय.

टेम्सपार

मिटलं म्हणता? एका देशातून त्याच देशात माल पाठवायला नोंदणी, लेबल आणि लेन लागते याला मिटणं म्हणत नाहीत. लेबलाचा वेगळा छापा परवडत नाही म्हणून ब्रिटनमधले छोटे उत्पादक बेलफास्टला माल पाठवणंच बंद करतात, त्यांचं काय?

द्राक्षबाग

ही सगळी चर्चा ठीक आहे, पण आपल्या मालाचं कोण बोलणार? नाशिक-सांगलीचं द्राक्ष युरोपात जातं ते बहुतेक हॉलंडच्या रॉटरडॅम बंदरावरून, आणि ब्रिटन हा त्याचा मोठा ग्राहक. ब्रेक्झिटनं आपला फायदा झाला असं सगळीकडे लिहितात. २४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन करारावर सह्या झाल्या, द्राक्षावरचं ८ टक्के शुल्क जायचं ठरलं. संघात असता तर ब्रिटनला हा करार स्वतंत्रपणे करताच आला नसता. यात चूक काय?

टेम्सपार

काहीच नाही, हेच तर म्हणतोय. स्कॉचवरचं १५० टक्के शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० वर येणार, हेही त्यातच आहे. हापूसचं आठवा. मे २०१४ मध्ये फळमाशीवरून युरोपनं भारतीय आंबा आणि चार भाज्या बंद केल्या. ब्रिटनमध्ये आंब्याला गिऱ्हाईक होतं, व्यापारी ओरडत होते, पण ब्रिटनला एकट्यानं बंदी उठवता येईना. ग्रीस-स्पेनच्या बागांसाठी लेस्टरच्या दुकानदारानं हंगाम गमावला.

गलबत

बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली ती कशामुळे? पॅकहाउसची (फळं निवडून पेट्या भरायच्या केंद्रांची) नोंदणी, तपासणी आणि प्रक्रिया सुधारली म्हणून. आंबा ४८ अंशाच्या पाण्यात ६० मिनिटं ठेवायचा. पाणी जास्त तापलं की हापूसची साल भाजते, खाली राहिलं की अळी जगते. फळं एका वजनगटाची नसतील तर मोठ्या फळाच्या गाभ्याशी उष्णता पोचत नाही. बाहेर पडल्यावर ब्रिटननं यातलं किती सोडलं? वनस्पती-आरोग्याचे नियम बहुतांशी तसेच उचलून स्वतःच्या कायद्यात घातले. माशी पासपोर्ट बघत नाही.

द्राक्षबाग, तुमच्या फायद्याच्या हिशोबात रॉटरडॅम विसरू नका. २०२० पर्यंत कंटेनर तिथे उतरला, शुल्क भरलं, की अर्धा माल जर्मनीला आणि अर्धा ब्रिटनला विनाकागद जायचा. आता तिथे शुल्क भरून माल मोकळा केलात आणि मग ब्रिटनला धाडलात, तर ब्रिटनमध्ये पुन्हा शुल्क. द्राक्ष भारतीय आहे, ते हॉलंडमध्ये युरोपीय झालं नाही.

द्राक्षबाग

म्हणजे थेट ब्रिटनच्या लंडन गेटवे किंवा साउदॅम्प्टन बंदरात पाठवायचं, एवढंच ना?

सीलबंद

एवढंच नाही. थेट पाठवायला त्या बाजूचा पूर्ण कंटेनर भरेल एवढी ऑर्डर लागते, आणि लाल समुद्रात जहाजांवर हल्ले झाल्यानंतर जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली तेव्हापासून वेळापत्रकाचा भरवसा नाही. रॉटरडॅमवरूनच न्यायचं असेल तर तिथे माल मोकळा न करता टी१ काढायचा. टी१ म्हणजे शुल्क न भरलेला माल देखरेखीखाली पुढे नेण्याची परवानगी. ब्रिटन सामाईक संक्रमण करारात स्वतंत्र सदस्य म्हणून राहिला, म्हणून हे शक्य आहे.

क्रम असा. काढणाऱ्याकडे शुल्काइतकी हमी हवी. टी१ चा क्रमांक ब्रिटनच्या वाहन-नोंदणी यंत्रणेत त्या ट्रकच्या फेरीशी जोडायचा, नाहीतर बोटीवर चढता येत नाही. फायटोची (मालात रोग-कीड नसल्याच्या प्रमाणपत्राची) मूळ प्रत आणि ब्रिटनची आगाऊ सूचना वेगळी. शेवटी ठरलेल्या ठिकाणी टी१ बंद करून घ्यायचा. बहुतेक घोटाळे इथेच होतात. ट्रकवाला घाईत थेट गोदामात माल उतरवतो, सील तोडतो, टी१ उघडाच राहतो. मग हमी देणाऱ्याकडे शुल्काची मागणी येते, आणि तेव्हा माल कुठे गेला हे सिद्ध करायला कुणाकडेच काही नसतं.

दुसरं, रॉटरडॅमला कंटेनर फोडून माल दोन देशांत वाटायचा असेल तर ते काम शुल्क-नियंत्रित गोदामातच करायचं. द्राक्ष ० अंशाच्या आसपास आलेलं असतं. अशा गोदामात शीतगृह नसेल आणि पेट्या धक्क्यावर तास-दोन तास राहिल्या तर मण्यांवर पाणी सुटतं, आणि मग सल्फर पॅड असूनही बुरशी थांबत नाही.

टेम्सपार

ही अडचण मालवाहतुकीची आहे, ब्रेक्झिटची नाही. थेट जहाजं वाढतील, बाजार मार्ग काढेल. आणि फवारणीच्या औषधांच्या अंशांची मर्यादा आता ब्रिटन स्वतः ठरवतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या फवारणीच्या औषधाच्या अंशांवरून आपली द्राक्षं युरोपात अडकली तेव्हा सगळ्या संघाचं दार एकदम बंद झालं होतं. दोन दारं असणं चांगलंच.

गलबत

दोन दारं कागदावर. युरोपनं क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम या कीटकनाशकांच्या मर्यादा जवळपास मोजताच येणार नाहीत इतक्या खाली आणल्या, लागू होण्याची तारीख ७ मार्च २०२६. ब्रिटननं तेव्हा त्या बदलल्या नाहीत. पण फवारणी करताना पेटी कुठे जाणार हे शेतकऱ्याला माहीत नसतं. निर्यातदार कडक असेल तीच मर्यादा धरतो. त्यातही जर्मनीतल्या काही दुकान-साखळ्या कायद्यानं चालतं त्याच्या एक तृतीयांशच अंश मान्य करतात. सैल नियमाचा लाभ घ्यायला पूर्ण प्लॉट, पॅकहाउसची वेळ आणि कंटेनर फक्त ब्रिटनसाठी वेगळा ठेवावा लागेल. करतंय का कुणी?

आणि ते दुसरं दारही फार दिवस वेगळं राहणार नाही. १९ मे २०२५ च्या शिखर बैठकीत लंडननंच मान्य केलं की अन्न-वनस्पती-प्राणी यांच्या नियमांत युरोपच्या पाठोपाठ चालायचं. जे तुम्ही वर 'राजकीय निर्णय' म्हणून धुडकावलंत, तेच.

टेम्सपार

मान्य केलं कारण दुसरा इलाज ठेवला नव्हता. सेव्हिंग्टनला, डोव्हरपासून आत २२ मैलांवर, तपासणी नाका बांधला, आणि घोषणेतल्या मालाच्या एका ओळीला २९ पाउंडांपर्यंत, एका खेपेला जास्तीत जास्त १४५ पाउंड आकार लावला. ट्रक तिथे आला नाही तरी आकार लागतो. छोट्या चीजवाल्याला, फुलवाल्याला ते झेपलं नाही. ठीक आहे, त्या एका बाबतीत तपासण्या लावून ब्रिटननं स्वतःचंच नुकसान केलं, हे मी मानतो. पण पाठोपाठ चालायचं म्हणजे ज्या नियमांवर मत नाही ते पाळायचं. हे उत्तर आयर्लंडमध्ये आधीच चाललंय आणि त्याला तुम्ही लोकशाही म्हणता?

बॅनशोर

नाही म्हणत. तो दोष खराच आहे, आणि इथले ब्रेक्झिटविरोधक तो बोलत नाहीत याचा मलाही राग येतो. उत्तर आयर्लंडच्या, म्हणजे स्टॉरमाँटच्या, विधानसभेनं १० डिसेंबर २०२४ ला ही व्यवस्था आणखी चार वर्षं चालू ठेवायला ४८ विरुद्ध ३६ मतांनी संमती दिली, पण त्या ३६ मध्ये एकही राष्ट्रवादी (आयर्लंड एक व्हावं म्हणणारा) नव्हता आणि ४८ मध्ये एकही युनियनिस्ट (ब्रिटनशी जोडलेलं राहावं म्हणणारा) नव्हता. ज्या समाजात मोठे निर्णय दोन्ही बाजूंच्या संमतीनं घ्यायचे ठरलंय, तिथे साध्या बहुमतावर हे चालवणं जखम उघडी ठेवतं. तरीही दुसरी कुठली सीमा चालेल, याचं त्या ३६ जणांचं उत्तर मला पटलेलं नाही. जमिनीवरची की नियमांची?

टेम्सपार

दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या तपासण्या मान्य करण्याची. ती कुणी मनापासून करून बघितलीच नाही.

बॅनशोर

ज्याचा माल दक्षिणेत जाणारच नाही त्याच्यासाठी हिरवी लेन म्हणजे जवळपास तेच आहे. ज्याचा जातो त्याच्यासाठी नाही, आणि दुधाचा टँकर त्यातलाच. जरा तिकडचं दूध कुठे जातं ते बघा आणि मग लिहा.

द्राक्षबाग

तुमचं चालू द्या. सीलबंद, मला एवढंच सांगा, ब्रिटनचा खरेदीदार 'दारात पोच, शुल्कासह' मागतोय. घ्यावी का ऑर्डर?

सीलबंद

डीडीपीवर, म्हणजे त्याच 'शुल्कासह पोच' अटीवर, घेऊ नका. त्या अटीत ब्रिटनमध्ये आयातदार तुम्ही होता. तिथला ईओआरआय (सीमाशुल्क नोंदणी) क्रमांक लागतो, आणि तिथे कार्यालय नसलेल्याच्या वतीनं शुल्काची संयुक्त जबाबदारी घेईल असा प्रतिनिधी लागतो. ती जबाबदारी घ्यायला एजंट सहज तयार होत नाहीत, झाले तर अनामत मागतात. सीआयएफ (बंदरापर्यंतचं भाडं-विमा तुमचा) किंवा फार तर डीएपी (दारात पोच तुमची, शुल्क त्याचं) ठेवा, आयात त्याच्या नावावर. आणि जहाज रॉटरडॅमचं असेल तर टी१ कोण काढणार, हमी कोणाची आणि बंद केल्याची पोच किती दिवसांत पाठवायची, हे तिन्ही ऑर्डरमध्येच लिहून घ्या. भारत-ब्रिटन कराराची सवलत घ्यायची तर मूळ देशाचा पुरावा माल निघतानाच तयार हवा, आणि माल वाटेत सीमाशुल्काच्या देखरेखीबाहेर गेला नाही हे दाखवता आलं पाहिजे. रॉटरडॅमला फोडून वाटायचा बेत असेल तर आधी खरेदीदाराच्या एजंटकडून लेखी घ्या की त्या गोदामाचे कागद त्याला चालतील.

पॅलेट

आणि पॅलेटवरचं चिन्ह दोन विरुद्ध बाजूंना आहे ना, तेही भरताना बघा.